पाच वर्षांचा आराखडा, वीस वर्षांचे काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहून तुम्ही पाणी, शाळा आणि बचत गटांच्या प्रकल्पांचे मॉनिटरिंग-इव्हॅल्युएशन केले आहे. आता नैरोबीच्या आफ्रिकन इकॉनॉमिक रिसर्च कन्सॉर्शियमसारख्या, म्हणजे अर्थशास्त्रज्ञांच्या नेटवर्कसाठी स्ट्रॅटेजिक प्लॅन आणि कार्यक्रम मूल्यमापनाचे काम समोर आले आहे. आजवर वापरलेली लॉगफ्रेम (पैशापासून परिणामापर्यंतच्या पायऱ्यांचा तक्ता) तिथे चालेल का? आणि नसेल, तर सुरुवात कुठून करायची?

लॉगफ्रेम ठेवावीच लागेल, कारण पैसे देणारे ती मागतात. यूएसएआयडी या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेसाठी साठच्या दशकाच्या शेवटी तयार झालेला हा तक्ता विहिरी, रस्ते, लसीकरण अशा कामांना छान बसतो. पैसा आला, विहीर खणली, पाणी लागले, बायकांची पायपीट वाचली. संशोधन नेटवर्कमध्ये मात्र या साखळीतल्या दोन कड्यांमध्ये पंधरा-वीस वर्षे जातात. आराखडा पाच वर्षांचा असतो, निधीचा करार बहुधा तीन वर्षांचा, आणि मूल्यमापन करणाऱ्यांच्या हातात काही महिने. या कामात ज्या अडचणी येतील, त्यातल्या बहुतेक या न जुळणाऱ्या काळातून येतात. म्हणून तंत्राआधी संस्था कशी चालते ते सांगतो. ते कळल्याशिवाय कुठलाही इंडिकेटर (प्रगती मोजण्याचा निर्देशक) लिहू नका.

ऐंशीच्या दशकात आफ्रिकेतले अनेक देश कर्जात बुडाले होते आणि नाणेनिधी व जागतिक बँकेच्या रचनात्मक समायोजनाच्या (कर्जाच्या बदल्यात खर्चकपात आणि बाजार खुले करण्याच्या) अटी मान्य करत होते. वाटाघाटीला समोरून वॉशिंग्टनची तयारीची टीम यायची, आणि या बाजूला अर्थ मंत्रालयातले मोजके अधिकारी असायचे. आपल्याच देशाच्या आकड्यांवर स्वतःचे विश्लेषण उभे करतील अशी माणसे फार थोडी होती. विद्यापीठांतले पगार चलनवाढीने खाल्ले होते, आणि ज्यांना जमेल ते बाहेर पडत होते. या पार्श्वभूमीवर कॅनडाच्या आयडीआरसी या विकास-संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेने १९८४ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या संशोधकांच्या काही गटांना जोडणारे एक लहानसे नेटवर्क सुरू केले. विषय एकच, समग्रलक्षी अर्थशास्त्र, म्हणजे पूर्ण अर्थव्यवस्थेचा अभ्यास. रॉकफेलर आणि फोर्ड प्रतिष्ठान सोबत आले आणि १९८८ मध्ये त्यातून आफ्रिकन इकॉनॉमिक रिसर्च कन्सॉर्शियम, म्हणजे एईआरसी, उभी राहिली. पहिले कार्यकारी संचालक जेफ्री फाइन हे आयडीआरसीतूनच आलेले. त्यांच्यानंतर टांझानियाचे बेनो एनडुलू.

नियोजनाच्या दृष्टीने इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. या संस्थेने मोठे संशोधन केंद्र बांधून त्यात संशोधक पगारावर ठेवले नाहीत. माणूस युगांडाच्या मकेरेरेत, घानाच्या लेगॉनमध्ये, नायजेरियाच्या इबादानमध्ये, टांझानियाच्या दार-ए-सलाममध्ये, आपापल्या विद्यापीठाच्या विभागातच राहतो. नेटवर्क त्याला छोटे अनुदान देते, वर्षातून दोनदा जाणकारांसमोर उभे करते, आणि काम पसंतीला उतरले तर छापते. नैरोबीतले सचिवालय लहान ठेवायचे, हे सुरुवातीपासूनचे धोरण. त्यामुळे तुमच्यासमोर ‘प्रकल्प’ नावाचे काही येणारच नाही. समोर असेल शेकडो लोकांचे एकमेकांशी असलेले नाते, आणि त्याला पैसा पुरवणारे एक कार्यालय.

आता त्या सहामाही कार्यशाळा. माझ्या मते संस्थेचा सगळा जीव तिथे आहे, आणि बाहेरून येणारे मूल्यमापक नेमके तेच दोन परिच्छेदांत उरकतात.

संशोधक आधी प्रस्ताव पाठवतो. प्राथमिक चाळणीतून तो पुढे गेला तर कार्यशाळेला बोलावणे येते. तिथे विषयवार गट समांतर बसतात: गरिबी आणि श्रमबाजार, समग्रलक्षी धोरण आणि वाढ, वित्त, व्यापार, शेती आणि नैसर्गिक संसाधने असे. प्रत्येक गटात ‘रिसोर्स पर्सन’ म्हणून ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञ असतात, काही आफ्रिकेतले, काही बाहेरचे. प्रस्ताव फाडला जातो. डेटा कुठला, मॉडेल का हेच, हा चल अंतर्जात नाही का (म्हणजे परिणामालाच कारण धरलेले नाही ना), मागच्या वेळी सांगितलेली दुरुस्ती कुठे आहे? मग बंद दाराआड निर्णय होतो: मंजूर, दुरुस्त करून आणा, किंवा नाही. मंजूर झाला तर अनुदानाचा पहिला हप्ता मिळतो. पुढच्या एखाद्या कार्यशाळेत प्रगती अहवाल, मग अंतिम अहवाल, मग बाहेरच्या परीक्षकांकडे, आणि त्यानंतर शोधनिबंध म्हणून प्रकाशन. शिवाय दरवेळी एका विषयावर सर्वांसाठी पूर्णसत्र असते. त्यातले निबंध ऑक्सफर्डमधून संपादित होणाऱ्या ‘जर्नल ऑफ आफ्रिकन इकॉनॉमीज’च्या पुरवणीत येतात.

पाहा, इथे मूल्यमापन आधीच चालू आहे, वर्षातून दोनदा, पैशाला जोडलेले आणि सर्वांसमक्ष. बाहेरून येणाऱ्याने पुन्हा ‘संशोधनाचा दर्जा कसा आहे’ म्हणून पंचवीस निबंध वाचायचे आणि पाचपैकी गुण द्यायचे, यात वेळ जातो आणि हाती फारसे लागत नाही. तपासायचे असेल तर ही यंत्रणा तपासा. एकाच प्रस्तावावर दोन वेगळे गट एकसारखा निर्णय देतात का? रिसोर्स पर्सन तेच ते आहेत, की नवे येतात? कार्यशाळेत मिळालेले शेरे पुढच्या मसुद्यात खरोखर उतरतात का? प्रस्ताव आणि अंतिम अहवाल शेजारी ठेवून वाचले की हे अर्ध्या दिवसात कळते, आणि असे वीस जोड वाचले की संस्थेबद्दल जे समजते ते कुठल्याही प्रश्नावलीतून समजत नाही. सर्वात महत्त्वाचे म्हणजे अनुदान मंजूर झाल्यापासून अंतिम अहवालापर्यंत किती काळ जातो, आणि किती जण मध्येच गळतात.

या गळतीवर जरा थांबतो, कारण नियोजनाचे निम्मे गणित तिच्यात आहे. कंपालातला किंवा अक्रातला चांगला अर्थशास्त्रज्ञ रिकामा बसलेला नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या संस्थेची, मंत्रालयाची, परदेशी सल्लागार कंपनीची कामे दारात उभी असतात, आणि एका महिन्याच्या सल्लागारीत विद्यापीठाच्या अनेक महिन्यांच्या पगाराइतके मिळू शकते. त्या कामातून अहवाल निघतो, कपाटात जातो, आणि माणूस पुढच्या अहवालाला लागतो. नेटवर्कचे छोटे अनुदान या बाजाराशी झुंजत असते. ते फारच कमी असेल तर माणूस घेईल पण पूर्ण करणार नाही. फार मोठे असेल तर पैशासाठी येणाऱ्यांची रीघ लागेल आणि कार्यशाळेतली स्पष्टवक्ती चर्चा मवाळ होईल, कारण कुणाच्या पोटावर पाय द्यायला कुणालाच आवडत नाही. म्हणून अनुदानाची रक्कम हा हिशेबनिसावर सोडायचा विषय नाही. पाच वर्षांच्या आराखड्यात ‘संशोधन अनुदान’ या ओळीसमोर एकच आकडा दिसला तर विचारा, की तो सल्लागारीच्या चालू दराशी शेवटचा कधी ताडून पाहिला.

आता कारभाराची रचना. एईआरसीत ती तीन मजली ठेवलेली आहे. वर संचालक मंडळ, ज्यात निधी देणाऱ्यांचे प्रतिनिधी असतात आणि अंदाजपत्रक व मोठी दिशा मंजूर होते. मध्ये अर्थशास्त्रज्ञांची कार्यक्रम समिती, जी संशोधनाचे विषय आणि दर्जा पाहते. खाली सचिवालय. निधी देणाऱ्याला घरात जागा आहे, पण प्रश्न कुठले विचारायचे हे ठरवण्याच्या खोलीत नाही. ही भिंत शाबूत आहे का, हे पाहणे मूल्यमापकाचे पहिले काम, आणि ती शाबूत ठेवणे हे आराखडा लिहिणाऱ्याचे. भिंत कुणी लाथ मारून पाडत नाही. ती पैशाच्या अटींतून झिजते.

पैसा दोन प्रकारचा असतो. एक सामायिक, म्हणजे मंजूर आराखड्यासाठी दिलेला, संस्थेने ठरवावे तसा वापरण्याचा. दुसरा विषयाला बांधलेला: अमुक विषयावर अमुक देशांत अमुक तारखेपर्यंत. सुरुवातीच्या काळात अशा नेटवर्कांना पहिल्या प्रकारचा पैसा सहज मिळायचा. पुढे निधी देणाऱ्या देशांत स्वतःच्या संसदेला निकाल दाखवण्याचा दबाव वाढला आणि बांधलेल्या पैशाचा वाटा सगळीकडेच फुगला. आयडीआरसीने २००८ पासून दहा वर्षे चालवलेला ‘थिंक टँक इनिशिएटिव्ह’ हा या प्रवाहाविरुद्धचा एक जाणीवपूर्वक प्रयत्न होता. आफ्रिका, दक्षिण आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या चाळीसहून अधिक संस्थांना त्यातून सामायिक प्रकारचा पैसा मिळाला, विषयाची अट न घालता. तो संपला तेव्हा बऱ्याच संस्थांपुढे पुन्हा जुनाच प्रश्न उभा राहिला.

बांधलेला पैसा वाईटच असतो असे नाही. पण पाच वर्षांचा आराखडा वाचताना मी शब्दांकडे नंतर बघतो, आधी निधीचा तक्ता उघडतो. उत्पन्नापैकी किती सामायिक, किती बांधलेले, आणि सर्वात मोठा देणारा उद्या निघून गेला तर कुठली कार्यशाळा बंद पडेल? आराखड्यात ‘आफ्रिकी मालकीचा संशोधन अजेंडा’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि तक्त्यात बहुतांश पैसा बाहेरून ठरलेल्या विषयांचा असतो. मग अजेंडा कुणाचा हे वेगळे सांगावे लागत नाही. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. फरक इतकाच की उंट लंडनमध्ये किंवा सिअॅटलमध्ये, म्हणजे निधीदाराच्या गावी, उभा असतो.

यावर उपाय म्हणून प्रत्येक आराखड्यात आफ्रिकी सरकारे आणि मध्यवर्ती बँकांकडून वर्गणी वाढवण्याचे कलम येते. बरोबरच आहे ते. पण जी मध्यवर्ती बँक वर्गणी देते, तिच्याच चलनविषयक धोरणावर टीका करणारा निबंध छापताना काय होईल, याचे उत्तरही त्याच आराखड्यात हवे. ते सहसा नसते. कायमनिधीचेही (मुद्दल न मोडता उत्पन्नावर चालणाऱ्या निधीचेही) असेच. सगळ्यांना हवा असतो, पण चालू खर्च भागवता भागवता तो उभा करायला फुरसत मिळत नाही.

प्रशिक्षणाकडे येतो. मूल्यमापनाला तो भाग सोपा आहे, त्यामुळे थोडक्यात. १९९३ मध्ये एईआरसीने अनेक विद्यापीठांचा मिळून एम.ए.चा सहयोगी कार्यक्रम सुरू केला, आणि २००२ पासून पीएच.डी.चा. एम.ए.च्या मागचा विचार अगदी व्यवहारी होता. मलावीतल्या झोंबाच्या किंवा बोत्सवानातल्या गॅबोरोनच्या विभागात अर्थमितीचा (आर्थिक आकड्यांच्या संख्याशास्त्राचा) एक प्राध्यापक, आरोग्य अर्थशास्त्राचा एकही नाही. मग ऐच्छिक विषय शिकवायचे कसे? मूळ विषय आपापल्या विद्यापीठात शिकवायचे, आणि ऐच्छिक विषयांसाठी सगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांनी काही महिने नैरोबीत एकत्र यायचे. पेपरांचा दर्जा बाहेरच्या परीक्षकांनी सांभाळायचा. नायजेरिया आकाराने इतका मोठा की तो या एम.ए.च्या मूळ रचनेबाहेर ठेवला गेला.

इथे किती विद्यार्थी, किती उत्तीर्ण, किती महिला, दर विद्यार्थी खर्च किती, तोच विद्यार्थी इंग्लंडला पाठवला असता तर किती लागले असते, ही तुलना करता येते आणि करायलाच हवी. मात्र एक पेच आहे. नैरोबीतले एकत्र शिक्षण जितके चांगले, तितका स्थानिक विभागावर स्वतः शिक्षक घडवण्याचा दबाव कमी. चांगल्या मूल्यमापनाने विचारावे, की सुरुवातीला जे ऐच्छिक विषय फक्त नैरोबीत मिळायचे, त्यातले आज किती स्थानिक विभाग स्वतःच्या बळावर शिकवतात. हा आकडा वाढत असेल तर कार्यक्रम स्वतःची गरज कमी करतो आहे. सचिवालयाला हा प्रश्न तितकासा आवडणार नाही.

आता सर्वात चकचकीत भाग: प्रभाव.

एनडुलू २००८ ते २०१८ बँक ऑफ टांझानियाचे गव्हर्नर होते. एनजुगुना एनडुंगू २००७ ते २०१५ केनियाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर, २०१८ पासून एईआरसीचे कार्यकारी संचालक, आणि २०२२ मध्ये केनियाचे अर्थमंत्री. नेटवर्कमध्ये वावरलेले चार्ल्स सोलुडो २००४ मध्ये नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले. एका संशोधन नेटवर्कच्या वर्तुळातून तीन गव्हर्नर! कुठल्याही वार्षिक अहवालाला याहून चांगले मुखपृष्ठ मिळणार नाही. निधी देणाऱ्यांसमोरच्या सादरीकरणात ही नावे येतात आणि सगळे माना डोलावतात.

मूल्यमापकाने तिथे थांबून हिशेब दोन्ही बाजूंनी लिहावा. सोलुडोंनी बँकांची किमान भांडवलाची अट २५ अब्ज नायरांवर नेली आणि विलीनीकरणातून ८९ बँकांच्या २५ झाल्या. त्या काळात त्याचे जगभर कौतुक झाले. त्यांच्या कारकिर्दीनंतर, ऑगस्ट २००९ मध्ये, नव्या गव्हर्नरने पाच बँकांचे प्रमुख हटवले आणि सरकारी पैसा ओतून त्या वाचवल्या. आता विलीनीकरणाचे श्रेय नेटवर्कला द्यायचे असेल तर २००९च्या संकटाचा वाटाही त्याच खात्यावर टाकाल का? नाही ना? मग श्रेयाचीही तीच गत.

केनियाचे उदाहरण आणखी बारीक आहे. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा एम-पेसा मार्च २००७ मध्ये सुरू झाली, आणि एनडुंगू गव्हर्नर झाले तेही त्याच महिन्यात. म्हणजे ही सेवा चालू देण्याचा प्राथमिक विचार आणि बोलणी त्यांच्या आधीपासूनची. पण पुढची आठ वर्षे, बँकांची नाराजी आणि राजकीय दबाव असतानाही, मध्यवर्ती बँकेने ती सेवा गळा न घोटता वाढू दिली, नियम मागाहून आणि सबुरीने केले. या काळात बँकेचे प्रमुखपद आर्थिक संशोधनात मुरलेल्या माणसाकडे होते. त्याने फरक पडला का? कदाचित बराच. पण ‘नेटवर्कमुळे एम-पेसा’ हे वाक्य खोटे आहे, आणि ‘नेटवर्कचा काही संबंध नाही’ हेही खरे नाही. या दोन टोकांमधली जागा शिस्तीने भरायची.

त्यासाठी कॅनडाच्या जॉन मेन यांनी मांडलेली योगदान-विश्लेषणाची पद्धत मला सर्वात उपयोगी वाटते. आधी दावा लिहायचा: ‘अमुक संशोधनाने अमुक निर्णयात अमुक प्रकारे भर घातली.’ मग त्या दाव्याच्या मधल्या पायऱ्या. मग प्रत्येक पायरीला दुसरे काय स्पष्टीकरण असू शकते हे प्रामाणिकपणे शोधायचे: नाणेनिधीचा दबाव, निवडणूक, शेजारच्या देशाची नक्कल, मंत्र्याची हौस. ती स्पष्टीकरणे कागदपत्रांवर आणि मुलाखतींवर घासून पाहायची, आणि जे उरेल तेवढेच म्हणायचे. मुलाखत संशोधकाची घेऊ नका, तो आपलेच गोडवे गाणार. मंत्रालयातल्या टिपणी लिहिणाऱ्या मधल्या अधिकाऱ्याला गाठा आणि संस्थेचे नाव न घेता विचारा, की हा निर्णय करताना तुमच्या टेबलावर काय काय होते. त्याने स्वतःहून नाव घेतले तर त्याला वजन आहे.

आपल्याकडचेच पाहा. गोखले इन्स्टिट्यूट १९३० मध्ये रावबहादुर काळे यांच्या देणगीतून पुण्यात सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले १९६७ मध्ये, आणि राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचे गाडगीळ सूत्र आले १९६९ मध्ये. १९३५ मध्ये कुणी संस्थेचे पंचवार्षिक मूल्यमापन केले असते तर या सूत्राचा इंडिकेटर कुठल्या रकान्यात लिहिला असता?

नेटवर्कच्या मोठ्या सहयोगी संशोधनालाही हेच लागू पडते. १९६० ते २००० या काळात आफ्रिकेतली वाढ का खुंटली, यावर एईआरसीने सव्वीस देशांचे स्वतंत्र अभ्यास करून घेतले. प्रत्येक देशाचा अभ्यास त्या देशाचे राजकारण जाणणाऱ्यांनी करायचा आणि मग समान चौकटीत बसवायचा. अतिनियंत्रण, वांशिक किंवा प्रादेशिक पुनर्वाटप, सुगीच्या काळातली उधळपट्टी आणि राज्ययंत्रणा कोसळणे, असे वाढ मारणारे चार प्रकार त्यातून पुढे आले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले हे काम केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनातून दोन खंडांत बाहेर पडायला २००८ उजाडले. मध्ये एखाद्या निधीदाराने ‘यंदाचे आउटपुट काय’ असे दरवर्षी विचारले असते तर उत्तर बहुधा ‘मसुदे’ एवढेच आले असते. आराखड्यात अशा कामासाठी आउटपुटऐवजी टप्पे ठेवा: चौकट ठरली, देश-गट जमले, पहिले मसुदे परीक्षकांकडे गेले. आणि हा टप्पा पुढच्या आराखड्यात जाईल हे आजच लेखी ठेवा.

तुम्हाला अर्थशास्त्राची पदवी आहे म्हटल्यावर तुलनागटाचा मोह होणारच. अनुदान मिळालेले आणि थोडक्यात नाकारलेले, यांच्या पुढच्या कारकिर्दींची तुलना का करू नये? कागदावर देखणे दिसते. अडचण अशी की नाकारलेल्यालाही कार्यशाळेत दोन पानांचे शेरे मिळालेले असतात, आणि ते घेऊन तो पुढच्या वेळी परत येतो. म्हणजे तुमच्या तुलनागटाने अर्धे औषध घेतलेलेच आहे. शिवाय अनुदान घेतलेला माणूस आपल्या विभागात शिकवतो, त्याचे विद्यार्थी पुढे अर्ज करतात, तोच पुढे रिसोर्स पर्सन होतो. फरक जितका कमी दिसेल तितके कदाचित नेटवर्क जास्त चांगले चालले आहे. तरीही हा अभ्यास करावा, पण कार्यशाळेपर्यंत न पोचलेल्या अर्जांशी वेगळी तुलना करून, आणि निष्कर्ष अंशतःच वापरून.

माजी विद्यार्थ्यांच्या मागोव्यात दोन सापळे आहेत. पहिला, ईमेलच्या यादीवर प्रश्नावली पाठवली तर ज्यांचे बरे चालले आहे तेच उत्तर देतात. विभागांच्या प्रवेशनोंदी घ्या, त्या त्या वर्षीची पूर्ण यादी करा, आणि एकेक नाव शोधा. कंटाळवाणे काम आहे, पण दुसरा मार्ग नाही. दुसरा सापळा ‘आफ्रिकेत टिकून राहिलेल्यांचे प्रमाण’ या लाडक्या आकड्याचा. वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेत बसलेला माणूस तोट्यात धरायचा का? एनडुलू स्वतः जागतिक बँकेत काम करून दार-ए-सलामला परतले आणि गव्हर्नर झाले. चुकीच्या वर्षी मोजणी केली असती तर ते गळतीत गेले असते. एका दिवसाचे चित्र घेऊ नका, पूर्ण कारकीर्द घ्या, आणि ‘त्या काळात कुठल्या देशाच्या प्रश्नांवर काम केले’ हा रकाना जोडा.

साधनांबद्दल एवढेच. ओईसीडीचे निकष, म्हणजे समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि टिकाऊपणा, हे टीओआरमध्ये, म्हणजे मूल्यमापनाच्या कामाच्या अटींत, असणारच. सहाही निकषांना सारखी पाने देऊ नका. अशा नेटवर्कसाठी कार्यक्षमता आणि टिकाऊपणा यांवर खोल जा, प्रभावावर मर्यादित पण भक्कम उदाहरणे द्या. आयडीआरसीचीच आउटकम मॅपिंगची पद्धत इथे लॉगफ्रेमपेक्षा अंगाला बसते, कारण ती विचारते की ज्यांच्याशी संस्था थेट काम करते त्या लोकांच्या वागण्यात काय बदलले. विभागप्रमुखाने नव्या प्राध्यापकाला शिकवण्याचे तास कमी करून संशोधनाला वेळ दिला का? मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागाने धोरणकर्त्यांसाठीच्या सीनियर पॉलिसी सेमिनारनंतर स्वतःहून निबंध मागवला का? असे बदल पाच वर्षांत दिसू शकतात. तक्ता निधीदारासाठी भरा, वागण्यातले बदल स्वतःसाठी नोंदवा, आणि वर्षाअखेरीस दोन्ही मंडळापुढे ठेवा.

आराखडा करताना एक मोठी निवड चुकवता येत नाही, आणि तीच बहुतेक आराखड्यांत गुळमुळीत शब्दांत दडवलेली असते. दर्जा वाढवायचा म्हणजे मजबूत विभागांना जास्त द्यायचे. पोच वाढवायची म्हणजे युद्धातून बाहेर पडलेल्या, फ्रेंच किंवा पोर्तुगीज बोलणाऱ्या, कमकुवत विद्यापीठांच्या देशांत जायचे. इंग्रजी-फ्रेंच दुभाषांपासून प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. एकाच चाळणीने दोन्ही होत नाही. नैरोबी-इबादानच्या अर्जांच्या रांगेत दक्षिण सुदानचा अर्ज मागेच राहणार. माझे मत विचाराल तर चाळणी एकच ठेवावी, पण चाळणीपर्यंत पोचण्यासाठी कमकुवत देशांना वेगळा पैसा द्यावा: प्रस्ताव लिहिण्याचे प्रशिक्षण, एक मार्गदर्शक, दोन जादा संधी. दर्जाची पट्टी देशागणिक बदलली की कार्यशाळेची पत जाते. यावर नेटवर्कमधले ज्येष्ठ लोक तुमच्याशी वाद घालतील. घालू द्या, आणि तो वाद आराखड्याच्या मसुद्यात लेखी येऊ द्या.

प्रत्यक्ष सुरुवात म्हणाल तर रुजू झाल्यावर पहिले दोन आठवडे मुलाखती ठेवू नका. मागच्या दोन आराखड्यांचे निधीचे तक्ते, मागच्या मूल्यमापनाच्या शिफारशी आणि त्यावर व्यवस्थापनाने दिलेले उत्तर, आणि कार्यक्रम समितीची इतिवृत्ते मागून घ्या. इतिवृत्ते द्यायला टाळाटाळ झाली तर मंडळाच्या अध्यक्षांमार्फत मागा. मग जून किंवा डिसेंबरच्या कार्यशाळेत एका गटात मागच्या रांगेत बसून पूर्ण वेळ ऐका, एकही प्रश्न न विचारता. आणि मूल्यमापनाची वेळ आराखड्याच्या चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला बांधून घ्या. पाचव्या वर्षी केले तर पुढचा आराखडा आधीच लिहून झालेला असतो, आणि तुमचा अहवाल त्याच्या परिशिष्टात जातो. टीममध्ये एक तरी माणूस फ्रेंचमधून मुलाखत घेऊ शकणारा हवा, कारण याउंदे आणि डाकारची माणसे इंग्रजीत बोलताना नम्र असतात, फ्रेंचमध्ये खरे बोलतात.